दोन वर्षांच्या मुलाची शाळा: घाई नक्की कोणाला आहे?

ताई, माझा मुलगा फेब्रुवारीत दोन वर्षांचा झाला. आम्ही डोंबिवलीला राहतो. मला आठवड्यातले तीन दिवस ऐरोलीला ऑफिसात जावं लागतं, दोन दिवस घरून काम. तो दिवसभर सासूबाईंकडे असतो. कॉम्प्लेक्समधली त्याच्या वयाची सगळी मुलं येत्या जूनपासून प्लेग्रुपला जाणार आहेत. गेटसमोरच्या प्लेस्कूलची फी वर्षाला सत्तर हजार, वेळ सव्वादहा ते साडेबारा. 'चारच सीट राहिल्यात, शनिवारपर्यंत सांगा,' असं त्यांनी सांगितलंय. नणंदेची मुलगी एवढीच आहे, ती ए टू झेड म्हणते, रंग ओळखते. आमचा अजून 'पाणी दे', 'आजी ये' एवढंच बोलतो आणि मोबाइल लावल्याशिवाय जेवत नाही. नवरा म्हणतो, 'मी थेट पहिलीत गेलो, माझं काय बिघडलं?' सासूबाई काहीच बोलत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा मागे पडेल का? घालू की नको?

— गोंधळलेली आई, डोंबिवली

*

शनिवारची धाकधूक आधी संपवते. यंदा प्लेग्रुपला घातलं नाही म्हणून तुमच्या मुलाचं काहीही अडणार नाही. तरीही 'घालू नका' असं मी लगेच म्हणत नाही, कारण तुमच्या पत्रात एका माणसाचं म्हणणं आलेलंच नाही. त्यावर येतेच, पण त्याआधी ते 'मागे पडणं' जरा तपासून बघू.

महाराष्ट्रात नर्सरीला मूल ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षांचं व्हावं लागतं आणि पहिलीला सहा. तुमच्या मुलाचा वाढदिवस फेब्रुवारीतला, म्हणजे येत्या डिसेंबरअखेर तो तीनचा होत नाही. यंदा तो नर्सरीत बसतच नाही. पुढच्या जूनला नर्सरी, मग ज्युनिअर, मग सिनिअर, आणि पहिलीत पाऊल टाकेल तेव्हा तो सहा वर्षं चार महिन्यांचा असेल. यंदा घातलंत तरी तेवढाच असेल! फरक एवढाच की पहिलीच्या आधी त्याने तीनऐवजी चार वर्षं शाळेची बॅग वाहिलेली असेल. गेटसमोरच्या बाईंनी हा हिशोब तुम्हाला सांगितला नसेल, त्यांनी तो का सांगावा?

आता ए टू झेड. नणंदेच्या मुलीचं कौतुक करा, मनापासून करा, गोड असणार ती. पण दोन-सव्वादोन वर्षांचं मूल जेव्हा ए टू झेड म्हणतं, तेव्हा ते आरती म्हणतं तसंच म्हणत असतं. सूर पकडलेला असतो, अक्षराचा पत्ता नसतो. 'के कुठाय दाखव' म्हणून बघा. (नणंदेच्या घरी जाऊन बघू नका, उगीच भांडण माझ्या नावावर.) तुमचा मुलगा 'पाणी दे' म्हणतो, 'आजी ये' म्हणतो. दोन शब्द जोडून, ज्याला सांगायचं त्याला, हवं त्या वेळी सांगतो. या वयात बघायचं असतं ते हेच. शिवाय तो काय बोलतो यापेक्षा तुमचं किती समजतो हे बघा. 'बाबांची चप्पल आण' म्हटल्यावर तो बरोबर चप्पल घेऊन येत असेल तर निर्धास्त राहा.

ज्यांच्या घरी दोन वर्षं पूर्ण झालेलं मूल दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही, बोटाने काही दाखवत नाही, त्यांना मात्र वेगळं सांगते. 'शाळेत घातलं की बोलेल' हा सल्ला शेजारपाजारी अगदी फुकट मिळतो आणि फार महाग पडतो. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, कानांची तपासणी करून घ्या, गरज असेल तर स्पीच थेरपिस्टला गाठा. शाळा हा त्यावरचा उपाय नाही. त्या वाट पाहण्यात वर्ष निघून जातं.

प्लेस्कूलच्या रंगीत पत्रकावर तुम्ही एक आकडा नक्की वाचला असेल: मेंदूची ८५ टक्के वाढ सहा वर्षांच्या आत होते. आकडा हवेतला नाही, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच तो आहे. पण ती वाढ प्लेस्कूलमध्येच होते असं धोरणात कुठेही लिहिलेलं नाही, आणि त्याच धोरणातला शिक्षणाचा पायाभूत टप्पा तीन वर्षांपासून सुरू होतो, दोनपासून नाही. कधीकधी 'अमेरिकेतल्या संशोधनाने सिद्ध झालंय' असंही सांगतात. यातला सगळ्यात गाजलेला अभ्यास मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावातला, १९६२ साली सुरू झालेला. तिथली १२३ मुलं अतिशय गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली होती, वय तीन-चार वर्षं. त्यातल्या काहींसाठी रोज अडीच तासांची बालशाळा चालवली, आणि बाई आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आईसोबत बसत. बुद्ध्यंकात दिसलेली वाढ चार-दोन वर्षांत विरून गेली. पण चाळिशीला पोचल्यावर बालशाळेतली मुलं जास्त प्रमाणात नोकरीत होती, कमी प्रमाणात तुरुंगाच्या वाटेला गेली होती. मोठीच गोष्ट आहे ही. आपल्याकडच्या अंगणवाड्या नीट चालाव्यात, सेविकांना नीट मानधन मिळावं, यासाठी मी हा अभ्यास दहा वेळा पुढे करीन. पण आई-बाबा-आजी-आजोबांच्या घरातल्या सव्वादोन वर्षांच्या मुलासाठी सत्तर हजार भरा, हे त्यातून निघत नाही.

तीन वर्षांनंतर मात्र शाळेच्या बाजूने मी ठाम आहे. त्या वयात मुलाला दुसरी मुलं खरोखर हवी असतात. त्याआधी दोन मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात, एकाने दुसऱ्याची गाडी हिसकावली की रडारड, आणि पुन्हा आपापलं. 'शेअरिंग शिकेल' म्हणून दोन वर्षांच्या मुलाला शाळेत घालणाऱ्यांना मी एवढंच सांगते की ते शिकण्याचं वयच अजून यायचंय. यजमानांनाही हे वाचून दाखवा. ते थेट पहिलीत गेले म्हणतात, त्यावर एकदा सासूबाईंना विचारा. गल्लीतल्या एखाद्या बाईंकडे बालवाडीला जात असतील आणि विसरले असतील. माणसाला आपलं तीन-चार वर्षांचं वय आठवत नाही, पण मतं मात्र असतात!

आता सासूबाई. तुमच्या पत्रात नवरा बोलतो, नणंदेची मुलगी बोलते, प्लेस्कूलवाल्या बोलतात, मुलगासुद्धा बोलतो. सासूबाईंच्या वाट्याला एकच ओळ आलीय: काहीच बोलत नाहीत, गुडघे दुखतात. खरा प्रश्न तिथे आहे असं मला वाटतं. दोन वर्षांचं मूल म्हणजे बारा किलोचं धावतं वजन. त्याला कडेवर घ्यायचं, शी धुवायची, बेसिनवर चढला की उतरवायचं, बाल्कनीच्या दारात उभं राहायचं, आणि हे सकाळी तुम्ही ऐरोलीला निघाल्यापासून संध्याकाळी परतेपर्यंत. मोबाइल लावून जेवण हा मुलाचा हट्ट कमी आणि दुखऱ्या गुडघ्यांनी शोधलेली पळवाट जास्त असावी. वाटीमागे धावायला लागू नये म्हणून. त्यांना त्यावरून बोलू नका.

प्लेग्रुपने त्यांचा भार हलका होईल असं वरवर पाहता वाटतं. जरा घड्याळ लावून बघा. साडेनऊला त्याला आंघोळ, कपडे, बूट. दहाला लिफ्ट, गेट, रस्ता ओलांडणं, रडणाऱ्या नातवाला बाईंच्या हातात देणं. परत घरी यायचं, डाळ-तांदूळ लावायचे, टेकायचं म्हटलं तर बाराला पुन्हा खाली. पावसाळ्यात हे सगळं एका हातात छत्री घेऊन. तीन दिवस हे करणार कोण? तुम्ही ऑफिसात, नवरा ऑफिसात. म्हणजे सव्वादोन तासांच्या सुटीसाठी सासूबाईंना दोन खेपा. आजारपण वेगळंच. लहान मुलांच्या घोळक्यात गेलेल्या मुलाचं पहिलं वर्ष सर्दी-खोकल्यात जातं, जुलै-ऑगस्टमध्ये तर हात-पाय-तोंडाला फोड येणारी साथही फिरते. तसं झालं की ते पोर चार-पाच दिवस घरीच, किरकिरं, आणि तेही आजीच्याच मांडीवर.

तेव्हा शनिवारच्या आत प्लेस्कूलला फोन करण्याआधी सासूबाईंशी बोला. नवऱ्याने बोलावं, आई त्याची आहे. 'आई, तुला झेपतंय का?' असं विचारलं तर 'झेपतंय रे' हेच उत्तर येणार, ती पिढी दुसरं उत्तर देत नाही. 'दिवसातली कुठली वेळ सगळ्यात अवघड जाते?' असं विचारायला सांगा. मग 'दुपारी तो झोपत नाही' किंवा 'त्याला उचलून धुताना कंबर धरते' असं काहीतरी खरं बाहेर येईल, आणि उपायही त्यातूनच सापडेल.

त्या म्हणाल्या की मला तो घरात हवाय, फक्त हाताखाली कोणी द्या, तर मी म्हणेन की सत्तर हजार तिथे घाला. तुमच्या ऑफिसच्या तीन दिवशी दहा ते तीन एखादी खात्रीची बाई ठेवा, जी मुलाला उचलेल, धुईल, खाली फिरवून आणेल. सासूबाईंनी बसून राज्य करायचं. आणि त्या म्हणाल्या, किंवा त्यांच्या बोलण्यातून कळलं, की आता होत नाही, तर प्लेग्रुपचा विचार सोडा आणि चांगलं पाळणाघर शोधा. तुम्हाला सांभाळ हवाय, तो सव्वादोन तासांत मिळत नाही. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय द्यायची हे २०१७ पासून कायद्यात आहे. एचआरला लेखी विचारा, काही कंपन्या ऑफिसात सोय न करता बाहेरच्या पाळणाघराशी करार करतात किंवा खर्चाचा काही भाग देतात. बाळाला घेऊन सकाळी डोंबिवलीहून ठाणे आणि तिथे गाडी बदलून ऐरोली, हे मात्र मनातही आणू नका. पाळणाघर घराजवळच हवं.

आणि पाळणाघरात ठेवावं लागलं तर मनाला लावून घेऊ नका. आपल्या गरजेसाठी मुलाला चांगल्या हातांत सोपवणं यात लपवण्यासारखं काही नाही. 'त्याच्या भल्यासाठीच घातलं' अशी सारवासारव केली की मग फीच्या बदल्यात त्याने कविता म्हणून दाखवाव्यात अशी अपेक्षा सुरू होते, आणि ते पोर फुकट भरडलं जातं.

पाळणाघर असो की पुढच्या वर्षीची नर्सरी, जागा बघायला जाल तेव्हा भिंतीवरचे कार्टून, एसी आणि 'मॉन्टेसरी पद्धत' हे शब्द बाजूला ठेवा. मॉन्टेसरी हे नाव कोणीही पाटीवर लिहू शकतं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. एकूणच पहिलीच्या आधीच्या खासगी वर्गांकडे आपल्याकडे सरकारचं फारसं लक्ष राहिलेलं नाही, त्यामुळे लक्ष तुम्हालाच द्यावं लागेल. मूल सोडायच्या वेळी जा, अर्धा तास दाराशी उभ्या राहा. एखादं मूल रडत येईल. बाई काय करतात ते बघा. खाली वाकून त्याला जवळ घेतात, का 'शेम शेम, बघ बाकीचे कसे गुड बॉय आहेत' म्हणतात? माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. मग मागे जा, संडास-बाथरूम बघा, ओल्या फरशीचा वास घ्या. मुलांना धुतं कोण, त्या मावशी किती दिवसांपासून आहेत, त्यांची पोलीस पडताळणी झालीय का, हे विचारा. दोन वर्षांच्या आठ-दहा मुलांमागे दोन मोठी माणसं हवीतच, कारण एक जण शी धुवायला गेली की उरलेल्यांकडे कोण बघणार? पहिला आठवडा आईला किंवा आजीला आत बसू देता का, हेही विचारा. 'नाही, सवय लागत नाही मग' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. ज्यांना आई आत नको असते ते सोय स्वतःची बघतात, मुलाची नाही.

पेन्सिल दिसली तरी निघा. त्या वयात बोटांत आणि मनगटात तेवढा जोरच नसतो. खडूने रेघोट्या मारू देत, ओल्या मातीत बोटं घालू देत, पण चार रेघांच्या वहीत उभ्या-आडव्या काठ्या काढायला लावणारी जागा आपली नाही. नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलांच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा, असं शाळकरी मुलांच्या अभ्यासाच्या ओझ्याचा विचार करायला केंद्र सरकारने नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्ये सांगून ठेवलं आहे. तरी अजून पालक रंग-आकार घोकून घेताना दिसतात. आणखी एक. 'घरी इंग्लिशमध्ये बोला' असा सल्ला कोणी दिला तर तो तिथल्या तिथे विसरा. आजी ज्या भाषेत रागावते आणि लाड करते त्याच भाषेत मूल आधी विचार करायला शिकतं. तिथे पक्कं झालं की इंग्रजी येतं.

मग वर्षभर घरी करायचं काय? फार काही नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे काम केलं, त्यात परदेशी महाग साधनं नव्हती. बिया, शंख-शिंपले, पानं, माती, आसपास जे मिळेल ते. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तुमच्या सासूबाईंकडे तर अख्खं स्वयंपाकघर आहे. त्यांना खाली बसता येत नसेल, पण खुर्चीत बसून बरंच काही चालवता येतं.

एक करून बघा. मोठ्या ताटात दोन फुलपात्रं ठेवा, एकात अर्धं पाणी. ताट बाथरूमच्या कोरड्या फरशीवर, शेजारी एक जुनं फडकं, आणि मुलगा समोर. त्याला सांगू नका, एकदा फक्त करून दाखवा, या फुलपात्रातून त्या फुलपात्रात. तो जीभ बाहेर काढून, श्वास धरून, काठाकडे बघत ओतेल. निम्मं सांडेल. फडक्याने पुसेल, म्हणजे ओलं पसरवेल. पुन्हा ओतेल. हे किती वेळ चालतं ते बघून तुम्हीच चकित व्हाल, मोबाइलसमोर बसलेलं मूल आणि हे मूल एकच का असं वाटेल. मटारच्या शेंगा फोडणं, कणकेच्या गोळ्याला बोटं टोचणं, धुतलेल्या कपड्यांतून बाबांचे मोजे शोधणं, सगळं याच वर्गातलं. मुलगा लुडबुडतोय म्हणून त्याला बाहेर काढू नका, तीच त्याची शाळा आहे सध्या. हे करताना आजी बोलत राहिली पाहिजे आणि त्याने उत्तर देईपर्यंत थांबली पाहिजे.

मुलांची संगत हवी असेल तर संध्याकाळी खालच्या बागेत तासभर पुरे, आणि तो तास घरून काम असलेल्या दिवशी तुम्ही काढा, बाकीच्या दिवशी यजमानांनी. जेवणाचा मोबाइल एकदम तोडू नका, नाहीतर फटका सासूबाईंनाच बसेल. तुम्ही घरी असाल त्या जेवणांपासून सुरुवात करा. तो सगळ्यांबरोबर जेवायला बसू दे, स्वतःच्या हाताने खाऊ दे, निम्मा वरणभात जमिनीवर गेला तरी. आठवडाभर कमी जेवेल, हरकत नाही, भूक लागली की मूल खातंच. जागतिक आरोग्य संघटना दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात तासाच्या वर स्क्रीन नको म्हणते, आणि तोही जितका कमी तितका बरा.

आता पुढच्या जूनची तयारी. डोंबिवली-ठाणे भागातल्या बऱ्याच शाळांचे नर्सरीचे फॉर्म दिवाळीच्या आगेमागे निघतात, तेव्हा पावसाळा संपला की चौकशी सुरू करा. जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड एका फाइलमध्ये लावून ठेवा, आणि फ्लूची लस दरवर्षी द्यायची असते ती राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. शी-शूची सवय उन्हाळ्याच्या सुटीत लागली तर बरं, जबरदस्ती नको. शाळा चालत जाण्याच्या अंतरावरची बघा. व्हॅनमध्ये पाऊण तास हिंदकळत जाणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला शाळेचं नाव कितीही मोठं असलं तरी त्याचा काही उपयोग नसतो. आणि फॉर्म भरण्याआधी शाळा बघायला सासूबाईंना बरोबर न्या. दुपारी आणायला बहुतेक वेळा त्याच जाणार आहेत, तेव्हा तिथे किती पायऱ्या आहेत हे त्यांनी आधीच बघितलेलं बरं.